समत्व : मनाचा तोल आणि माणसाचे कर्तव्य

देवदर्शनासाठी दूरवरून येणाऱ्या भाविकांच्या मनात नाना प्रकारचे मागणे असते. कोणाला लेकीच्या लग्नाची चिंता असते, कोणाला शेतीच्या पाण्याची. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, तर कोणी मुलाच्या नोकरीसाठी नवस बोललेला असतो. मागणे वेगवेगळे असले तरी गाभाऱ्यासमोर हात जोडल्यावर अनेकांच्या तोंडून शेवटी एकच वाक्य निघते, ‘देवा, मनाला शांती दे.’ धन मागणाऱ्याला धन म्हणजे काय हे ठाऊक असते. शांती मागणाऱ्याला मात्र आपण नेमके काय मागत आहोत, याचा विचार क्वचितच सुचतो.

शांती म्हणजे दुःख न होणे काय? संकटातही चेहऱ्यावरची रेघ न हलणे काय? घरात आग लागलेली असताना स्वस्थ बसणाऱ्या माणसाला कोणी शांत म्हणत नाही, वेडा म्हणतात. मग ज्या समत्वाची थोरवी आपल्या धर्मग्रंथांनी आणि संतांनी गायिली, ते समत्व कोणते? आजच्या धकाधकीच्या जीवनात ‘ताण’ हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी आलेला असताना या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

अर्जुनाची अवस्था

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवंतांचा उपदेश नाही. तेथे एका वीराचे खचणे आहे. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहतो, समोर आजोबा, गुरू, भाऊ आणि मित्र दिसतात आणि अर्जुनाचे अवयव गळून जातात. त्याच्या तोंडाला कोरड पडते, शरीराला कंप सुटतो, अंगावर काटा येतो, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातातून निसटू लागते, उभे राहवत नाही आणि मन भोवंडून जाते. आज एखादा वैद्य तीव्र मानसिक ताणाची लक्षणे सांगू लागला, तर त्याची यादी यापेक्षा फारशी निराळी होणार नाही. गीतेने ती लक्षणे लपविली नाहीत. ज्याच्या पराक्रमाची ख्याती तिन्ही लोकी होती, त्यालाही असे होऊ शकते, हे तिने प्रथमच सांगून टाकले. ताण येणे हा भित्रेपणा नव्हे आणि श्रद्धेची उणीव तर नव्हेच, हा दिलासा गीतेच्या आरंभातच आहे.

पुढे दुसऱ्या अध्यायात भगवंत समत्वालाच योग असे नाव देतात. त्या अध्यायाच्या चौपन्नाव्या श्लोकात अर्जुन विचारतो की, ज्याची बुद्धी स्थिर झाली तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? हा प्रश्न मोठा मार्मिक आहे. स्थिर बुद्धीच्या माणसाच्या अंतरात काय चालते, एवढेच जाणून त्याचे समाधान होत नाही. असा माणूस लोकांत वावरताना कसा ओळखावा, हे त्याला हवे आहे. समत्वाची परीक्षा बोलण्यात, बसण्यात आणि चालण्यातच होणार, ही खूणगाठ त्या प्रश्नातच बांधलेली आहे.

सम काय मानावे आणि काय मानू नये

समत्वाविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. ‘सर्व काही सारखेच, कशाचेच काही वाटून घेऊ नये’ असा त्याचा अर्थ केला जातो. अशा अर्थाने गीतेकडे पाहिले, तर तिचा शेवट न उलगडणारा ठरेल. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन रथातून उतरून वनात निघून जात नाही. तो पुन्हा धनुष्य उचलतो. ज्या कर्तव्याने त्याला घाम फुटला होता, त्याच कर्तव्यासमोर तो पुन्हा उभा राहतो. उपदेशाने रणांगण बदलले नाही, उभा राहणारा बदलला.

भगवंतांनी सम मानावयास सांगितले ते सिद्धी आणि असिद्धी यांना, लाभ आणि हानी यांना, जय आणि पराजय यांना. न्याय आणि अन्याय सम मानावेत, असे त्यांनी कोठेही सांगितले नाही. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुष्कळ गोंधळ दूर होतो. शेजारच्या घरात सुनेचा छळ होत असताना ‘आपण समत्वाने राहावे’ असे म्हणून जो दार लावून घेतो, त्याचे मन सम झालेले नसून निबर झालेले असते. त्या घरी जाऊन चार समंजस शब्द बोलणे, प्रसंगी कायद्याची मदत मिळवून देणे, हे कर्तव्य आहे. त्या कर्तव्याचा परिणाम मान होईल की अपमान, याने डळमळून न जाणे, हे समत्व आहे.

शब्दांचा इतिहासही येथे मार्गदर्शक ठरतो. आज मराठीत ‘उदासीन’ म्हणजे खिन्न किंवा बेफिकीर असा अर्थ रूढ झाला आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘वर बसलेला’, म्हणजे प्रसंगाच्या धुरळ्यापासून थोडा उंचीवरून पाहणारा, असा आहे. ‘तटस्थ’ या शब्दाचेही तसेच. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीला पूर आलेला असताना वाहून जाणाऱ्याला दोर फेकता येतो तो तटावर पाय रोवून उभ्या असलेल्यालाच. प्रवाहात सापडलेले दोघे एकमेकांना बुडवितात. मात्र तटावर उभे राहून जो दोरच फेकत नाही, त्याने तटावर असण्याचा उपयोग काय?

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगतात. तेथे सर्व प्राणिमात्रांविषयी द्वेष नसणे, मैत्री, करुणा, सुखदुःखाविषयी समभाव आणि क्षमा हे सर्व गुण एकाच श्लोकात शेजारीशेजारी येतात. करुणा आणि समत्व परस्परविरोधी असते, तर त्यांना एका ओळीत बसविले गेले नसते.

पैठणचे उदाहरण

सोळाव्या शतकात पैठण येथे होऊन गेलेल्या संत एकनाथमहाराजांच्या दोन कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितल्या जातात. पहिल्या कथेत महाराज गोदावरीचे स्नान करून परतत असताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर थुंकतो. महाराज पुन्हा स्नानाला जातात. तो पुन्हा थुंकतो. असे एकशे आठ वेळा घडल्यावर तो मनुष्यच ओशाळतो आणि पाय धरतो. तेव्हा तुझ्यामुळे आज इतक्या वेळा गोदास्नान घडले, असे महाराज त्याला सांगतात.

दुसऱ्या कथेत काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे जाताना वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसते. रामेश्वराला अर्पण करावयाचे ते गंगाजल महाराज त्या मुक्या जिवाच्या मुखात घालतात.

या कथा बहुधा निरनिराळ्या सांगितल्या जातात. त्या एकत्र वाचल्या म्हणजे त्यांचा खरा अर्थ खुलतो. स्वतःच्या अपमानाने जे मन एकशे आठ वेळा हलले नाही, ते गाढवाच्या तहानेने एका क्षणात हेलावले. पहिली कथा तेवढी घेतली, तर महाराज सोशिक वाटतील. दुसरी तेवढी घेतली, तर हळवे वाटतील. स्वतःवर आलेल्या आघातात अचल आणि दुसऱ्याच्या आघातात चटकन हलणारे, असे मन म्हणजे समत्व. बहुतेकांच्या बाबतीत नेमके उलट घडते. स्वतःच्या पायाला ठेच लागली की आकाश कोसळते आणि दुसऱ्याच्या घरावर आकाश कोसळले तरी ते आपण ठेच लागल्यासारखे मानतो.

बंद ताटी

यावर कोणी म्हणेल की, हे सारे संतांना शोभते. सामान्य माणसाला राग येणारच, वाईट वाटणारच. या शंकेचे उत्तर वारकरी परंपरेनेच देऊन ठेवले आहे. ज्ञानेश्वरमाउलींच्या कुटुंबाला समाजाने वाळीत टाकले होते. आईवडिलांचे छत्र हरपलेल्या त्या चार भावंडांनी लहान वयात जे सोसले, ते आठवले तरी मन कातर होते. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन एकदा ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी आख्यायिका आहे. धाकट्या मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून त्यांची जी समजूत काढली, ती ‘ताटीचे अभंग’ या नावाने प्रसिद्ध आहे.

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे ज्यांनी गीतेवर भावार्थदीपिका सांगितली, त्यांनाही दार लावून बसावेसे वाटले, ही गोष्ट परंपरेने झाकून ठेवली नाही, उलट प्रेमाने जपली. महापुरुषाला दुःख होत नाही, असे तिला सांगावयाचे नव्हते. धाकट्या बहिणीची हाक ऐकून त्यांनी ताटी उघडली, हे सांगावयाचे होते. त्यानंतर ज्या ग्रंथाच्या शेवटी साऱ्या विश्वासाठी मागणे मागितले गेले, त्या ग्रंथाकडे पाहावे. छळणाऱ्यांचा नाश व्हावा, असे त्या मागण्यात नाही. त्यांच्या मनातील वाकडेपणा जावा, एवढेच आहे.

भजनात मृदंगाची साथ ऐकणाऱ्याला ‘सम’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. गाणारा सुरांत कितीही दूर गेला तरी आवर्तन पुरे होताच समेवर येतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. समेवरून हलायचेच नाही, असे ठरविणाऱ्याला गाणे येणार नाही. मनाचेही असेच आहे. ते रागावेल, घाबरेल, रडेल. ते समेवर परत येते की नाही, एवढेच पाहावे.

मात्र येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुक्ताबाई ताटीबाहेर उभ्या राहिल्या, दुरून उपदेश करून निघून गेल्या नाहीत. घरात मृत्यू झालेल्या माणसाला भेटावयास जाऊन ‘शांत राहा, सगळे देवाच्या हाती आहे’ असे दोन मिनिटांत सांगून उठणे फार सोपे असते. समत्व ही स्वतःकडून मागावयाची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या दुःखावर ठेवावयाचा तो दगड नव्हे. शोक करणाऱ्याजवळ मुकाट्याने बसणे, त्याच्या घरी चार दिवस डबा पोचविणे, त्याची कागदपत्रांची धावपळ आपल्या अंगावर घेणे, यातून त्याला जी शांती मिळते ती उपदेशाने मिळत नाही.

इंद्रायणीत बुडविलेले कागद

सतराव्या शतकात, १६३०च्या सुमारास, महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या तुकाराममहाराजांचे घर सावकारीचे आणि व्यापाराचे. त्या दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगाही गेला. महाराजांनी हे दुःख लपविले नाही. आपल्या अभंगांतून ते सांगितले. परंतु या दुःखातून बाहेर येताना त्यांनी जे केले, ते विचार करण्यासारखे आहे. लोकांनी देणे लागत असलेल्या रकमांची खतपत्रे घरात होती. त्यांतील निम्मी धाकट्या भावाच्या वाट्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे.

आपले सर्वस्व गेल्यावर माणसाच्या मनात दोन वाटा फुटतात. ‘माझे गेले, आता मी कोणाचे का सोडू?’ ही एक वाट आणि ‘दुष्काळ साऱ्यांनाच आहे’ ही दुसरी. महाराज दुसऱ्या वाटेने गेले, आणि त्यांच्या मनाला मिळालेली शांती कित्येक कर्जदारांच्या घरी उतरली. जी शांती एकट्याच्याच उपयोगी पडते, ती झोपेसारखी आहे. जाग आली की संपते. जी शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचते, ती टिकते.

गर्दीतील कसोटी

समत्वाचा विचार पारायणात जितका होतो तितकाच तो दर्शनबारीत व्हावयास हवा. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. चढाची अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या, नंतर भडकलेली आग आणि वाट फुटेल तिकडे धावणारा जनसमुदाय, अशी ती घटना आजही अंगावर शहारे आणते. देवाच्या दारी मनःशांती मागावयास आलेली ही माणसे होती.

अशा दुर्घटनेत बहुतेक बळी केवळ पायाखाली तुडवून जात नाहीत. चारही बाजूंनी छातीवर दाब येऊन श्वास घेता न आल्यामुळे जातात. मागून रेटणाऱ्याला पुढे काय झाले ते दिसत नाही. त्याचा लहानसा धक्का माणसामागून माणसाला लागत शेकडो धक्क्यांत मिसळतो आणि पुढच्या कठड्याजवळ उभ्या असलेल्या म्हातारीपर्यंत पोचतो. ज्याने धक्का दिला तो दुष्ट नसतो. त्याला फक्त उशीर होत असतो, परतीची गाडी गाठायची असते, किंवा भीती वाटलेली असते.

या प्रसंगी एका माणसाचे समत्व म्हणजे काय? पाय रोवून जागच्या जागी थांबणे, मागच्याला ‘थांबा’ असे सांगणे, दोन्ही हात छातीसमोर घेऊन श्वासापुरती जागा राखणे, शेजारचे मूल वर उचलून धरणे, पडलेल्याला उठविणे आणि ऐकीव बातमी पुढे न ढकलणे. एवढे भान काही जणांनी राखले, तरी त्यांच्या भोवतीचा रेटा मंदावतो. दाराशी येऊन दर्शन न घेता परत जावे लागले तरी चालेल, पण आपल्या पायाखाली कोणी येऊ नये, असे ज्याला मनापासून वाटते, त्याचे दर्शन तेथेच घडलेले असते.

तथापि, याचा अर्थ भाविकांनी शांत राहिले म्हणजे व्यवस्थापनाचे काम संपले, असा होत नाही. रुंद आणि मोकळा मार्ग, येण्याची व जाण्याची निराळी वाट, पुरेसे स्वयंसेवक, पाणी, उजेड आणि प्रथमोपचार यांची तजवीज ठेवणे हे देवस्थानांचे आणि प्रशासनाचे कर्तव्य आहे. स्वतःच्या गलथानपणावर पांघरूण घालण्यासाठी दुसऱ्याला संयम शिकविणे, हा समत्वाचा अपमान आहे.

न झालेली पायी वारी

समत्वाचे एक सामुदायिक उदाहरण अलीकडच्या काळातील आहे. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील मंदिरे बंद झाली. त्या वर्षीची आषाढी एकादशी १ जुलै रोजी होती. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट ज्यांनी वर्षानुवर्षे ऊनपावसात तुडविली, त्यांना घरी थांबावे लागले. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस. टी. बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२१ मध्येही तसेच झाले. पायी वारीचा सोहळा पुन्हा पूर्ववत निघाला तो २०२२ मध्ये.

वारी चुकणे म्हणजे काय, हे वारकऱ्यालाच कळते. तरीही लक्षावधी वारकरी घरी राहिले. कित्येकांनी अंगणात तुळशीपुढे उभे राहून हरिपाठ म्हटला. त्यांना दुःख झाले नाही असे नाही. आपल्या भक्तीमुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये, म्हणून त्यांनी ते दुःख सोसले. वारीने इतकी वर्षे जे शिकविले, ते त्यांनी वारी न करता करून दाखविले.

अभ्यासाचा मार्ग

मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरावे कसे, अशी तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने केली आहे. भगवंत ती तक्रार खोडून काढत नाहीत. मन चंचल आहे, हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय ते सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. संकट कोसळल्यावर समत्व शिकू म्हणणे हे पुरात पडल्यावर पोहणे शिकण्यासारखे आहे. त्याची तयारी साध्या दिवसांत, लहान प्रसंगांत करावी लागते. रागाच्या भरात सुचलेले उत्तर लगेच न देता थोडे थांबावे. भाजीत मीठ अधिक पडले, रांगेत कोणी पुढे घुसले, गाडी उशिरा आली, या प्रसंगांना देवाने पाठविलेले पाठ समजावे.

नामस्मरणाचा उपाय संतांनी सांगितला, त्याला शरीरशास्त्राचाही आधार मिळतो. मन क्षुब्ध झाले की श्वास उथळ व जलद होतो. श्वास संथ केला की हृदयाची धडधड उतरू लागते. इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ व्यक्तींवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि बौद्धांचा ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, या दोहोंच्या उच्चाराने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होते, असे त्यांना आढळले. नाव कोणतेही असो, सावकाश घेतलेल्या नामाने देहही साथ देतो.

मात्र झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जगणे नकोसे वाटणे, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर केवळ जपावर विसंबू नये. ताप आल्यावर वैद्याकडे जाणे जसे श्रद्धेविरुद्ध नाही, तसेच मनाच्या आजारासाठी डॉक्टरांकडे जाणेही नाही. घरच्यांनी अशा माणसाला ‘मन खंबीर कर’ असे सांगून एकटे सोडू नये. त्याच्या ताटीबाहेर मुक्ताबाईसारखे उभे राहावे.

उपसंहार

एखाद्याचे मन शांत झाले की नाही, हे त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवरून ठरत नाही. तो अडचणीत असताना त्याच्याजवळ उभे राहण्याची भीती मुलांना, नोकरांना, घरच्या माणसांना वाटते की नाही, यावरून ते ठरते. ज्याच्या संकटाची झळ भोवतालच्या दुबळ्यांना सोसावी लागते, त्याने अद्याप अभ्यास करावा. ज्याच्या संकटातही त्यांना आधार वाटतो, त्याला समत्वाची वाट सापडली.

देवदर्शन करून परतणाऱ्या प्रत्येक भाविकाने प्रसादाच्या पुडीबरोबर एवढा एक विचार घरी न्यावा. सर्वांना दुःख सोसण्याचे बळ आणि दुसऱ्याचे दुःख जाणण्याची कोवळीक, ही दोन्ही लाभोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.